प्रभाग समितीत नागरिक कुठे बसतो?

२०१४ च्या जून महिन्यात मी पहिल्यांदा प्रभाग समितीच्या बैठकीला गेले. आमच्या सोसायटीसमोरचा पदपथ उखडला होता. पावसाळा तोंडावर होता आणि ज्येष्ठ मंडळी दोनदा पडली होती. सोसायटीच्या वतीने अर्ज देऊन तीन महिने झाले होते. नगरसेवकांनी निरोप पाठवला, “विषय आज घेतलाय, कोणीतरी या.” कोणीतरी म्हणून मी गेले.

क्षेत्रीय कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर सभागृह होते. मध्ये लांबट टेबल, त्याभोवती नगरसेवक, सहायक आयुक्त आणि पाणी, ड्रेनेज, विद्युत, आरोग्य अशा खात्यांचे अभियंते व निरीक्षक. भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या काही खुर्च्या होत्या. शिपायाने मला तिथे बसवले. तासाभराने आमचा विषय आला. लिपिकाने वाचला, एकाने सुचवला, दुसऱ्याने अनुमोदन दिले, अध्यक्षांनी विचारले, “मान्य?” दोघेतिघे म्हणाले, “मान्य.” सगळे मिळून दोन मिनिटे लागली असतील. पावसाळा संपल्यावर पेव्हर ब्लॉक बसले.

बाहेर पडताना दारात मला एक ओळखीचा चेहरा दिसला. आमच्या इमारतीत दोन घरी काम करणाऱ्या मावशी. त्या सकाळी अकरापासून जिन्यात उभ्या होत्या. आमच्या मागच्या वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयात बायकांच्या बाजूला दिवा नव्हता, अर्ध्या दारांना कड्या नव्हत्या, दोन दारे तर नव्हतीच. अंधार पडला की बायका तिकडे जात नसत. संध्याकाळी पाणी कमी प्यायचे, मुलींना एकटे पाठवायचे नाही, असा तिथला नियमच झाला होता. हे सांगायला त्या आल्या होत्या. आत त्यांना उत्तर मिळाले, “तुमचा विषय पत्रिकेवर नाही.” त्यांचा अर्ध्या दिवसाचा खाडा झाला होता. “ताई, तुमचं झालं ना काम?” एवढे विचारून त्या खाली उतरल्या.

आमचे काम झाले म्हणून मला त्या दिवशी आनंदच झाला होता, हे कबूल केले पाहिजे. दारातला तो प्रश्न मात्र मनातून गेला नाही. मग मी बैठकांना जात राहिले, इतिवृत्ते मागवून वाचली, कायदा वाचला. जे समजले ते या लेखात मांडते आहे. शहरात राहणाऱ्या माणसाच्या सर्वांत जवळची म्हणून जी सरकारी समिती आहे, तिच्यात त्याला नेमकी किती जागा आहे, एवढाच प्रश्न आहे.

कायद्याने काय दिले

१९९२ साली संसदेने दोन घटनादुरुस्त्या केल्या. त्र्याहत्तरावी पंचायतींसाठी, चौऱ्याहत्तरावी नगरपालिकांसाठी. पहिली २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, दुसरी १ जून १९९३ रोजी. त्याआधी स्थानिक स्वराज्य संस्था राज्य सरकारच्या मर्जीवर चालत. निवडणुका वर्षानुवर्षे लांबत आणि प्रशासक बसत. आता पाच वर्षांची मुदत, राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग आणि महिलांसाठी किमान एकतृतीयांश जागा या गोष्टी घटनेत आल्या. बारावे परिशिष्ट जोडले गेले. त्यात नगररचनेपासून पाणीपुरवठा, स्वच्छता, झोपडपट्टी सुधारणा, रस्त्यावरचे दिवे आणि सार्वजनिक सोयींपर्यंत अठरा विषय आहेत.

त्याच दुरुस्तीतल्या २४३-एस या अनुच्छेदाने प्रभाग समिती जन्माला घातली. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात, एक किंवा अधिक प्रभागांची मिळून एक, अशा समित्या असाव्यात, असे तो अनुच्छेद सांगतो. त्या क्षेत्रातून निवडून आलेला नगरसेवक समितीचा सदस्य असेल. बाकीची रचना, अधिकार आणि कामकाज ठरवण्याचे काम राज्याच्या विधिमंडळावर सोपवले आहे.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये आपले कायदे त्याप्रमाणे सुधारले. मुंबईसाठी १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे. इतर महानगरपालिकांसाठी १९४९ चा प्रांतिक महानगरपालिका कायदा होता, त्यालाच आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. त्यातल्या कलम २९-अ प्रमाणे समितीत तीन प्रकारचे लोक येतात. एक, त्या भागातले सगळे नगरसेवक. दोन, त्या क्षेत्रीय कार्यालयाचा प्रमुख अधिकारी. तीन, त्या भागात समाजकल्याणाचे काम करणाऱ्या स्वयंसेवी किंवा वस्तीपातळीवरच्या संस्थांमधून नगरसेवकांनी नामनिर्देशित केलेल्या जास्तीत जास्त तीन व्यक्ती. अध्यक्ष नगरसेवकांमधून निवडायचा, दरवर्षी नव्याने.

समितीची कामे मुख्यतः तीन आहेत. पाणी, ड्रेनेज, स्वच्छता आणि पावसाळी पाण्याचा निचरा अशा रोजच्या सेवांबद्दलच्या तक्रारी लवकर सोडवणे. आपल्या भागावरच्या खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्यापूर्वी तपासून शिफारस करणे. आणि अंदाजपत्रकात तरतूद असेल तर ठरावीक रकमेपर्यंतच्या स्थानिक कामांना प्रशासकीय व वित्तीय मान्यता देणे. कायदा करताना ही रक्कम पाच लाख रुपये ठेवली होती.

कागदावर हे कमी नाही. दिवा, दरवाजा, कडी आणि पाण्याची टाकी ही कामे बहुधा पाच लाखांच्या आतच बसतात. म्हणजे मावशींची तक्रार मुख्य सभेकडे किंवा मंत्रालयात जाण्याची गरजच नव्हती. ती ज्या दारात उभी राहून परत गेली, त्याच दाराच्या आतल्या टेबलाचा तो विषय होता.

“किंवा अधिक” या दोन शब्दांचा परिणाम

आता आकार पाहू. “एक किंवा अधिक प्रभाग” या शब्दरचनेत राज्यांना मोकळीक होती. महाराष्ट्राने ती पुरेपूर वापरली आणि अनेक प्रभाग एकत्र करून एकेक समिती केली. २०११ च्या जनगणनेत मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत सुमारे १ कोटी २४ लाख लोक होते. मुंबईत तेव्हा प्रशासकीय विभाग २४ होते. समित्या त्याहूनही कमी, कारण काही ठिकाणी दोन विभागांना मिळून एक समिती. म्हणजे एका समितीमागे सरासरी पाच लाखांहून अधिक माणसे. ज्या शहराची लोकसंख्या तीन लाख आहे त्याला विकेंद्रीकरणासाठी प्रभाग समिती हवी असे घटना म्हणते, आणि मुंबईत एकेक प्रभाग समितीच तशा शहरापेक्षा मोठी आहे. पुण्यात त्याच जनगणनेत सुमारे ३१ लाख लोक होते. शहराची १५ क्षेत्रीय कार्यालये धरली तर एका कार्यालयामागे दोन लाखांवर लोक येतात.

दोन लाख माणसांची समिती “जवळची” कशी असणार? तिच्यापुढे येणारा प्रत्येक विषय कोणत्या तरी एका गल्लीचा असतो आणि ती गल्ली टेबलावरच्या बहुतेकांनी पाहिलेली नसते. आमच्या मागची वस्ती क्षेत्रीय कार्यालयापासून दीड-दोन किलोमीटरवर होती. मी दुचाकीवर दहा मिनिटांत पोहोचत असे. मावशी चालत येत.

केरळने याच अनुच्छेदाचा वेगळा अर्थ लावला. तिथल्या १९९४ च्या कायद्यात लहान शहरांत प्रत्येक प्रभागाची सभा आणि एक लाखाहून मोठ्या शहरांत प्रत्येक प्रभागाची स्वतंत्र समिती आहे. त्या समितीत रहिवासी संघटना, शेजारगट आणि स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी असतात. सगळीकडे ती सारख्याच उत्साहाने चालते असे नाही. तरी एक प्रभाग म्हणजे एक समिती, हे माप तिथे कायद्यानेच ठरवले आहे. घटना तीच, तिच्यातल्या दोन शब्दांचा उपयोग निराळा.

गावात सदस्य, शहरात पाहुणा

माझे माहेर खेड्यातले. तिथे ग्रामसभा भरते. भांडणे होतात, गणपूर्ती होत नाही म्हणून सभा तहकूब होते, सरपंच घाईघाईने ठराव उरकतो, हे सगळे मी पाहिलेले आहे. ग्रामसभेचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पण एक मूलभूत फरक तिच्याकडे पाहूनच मला उमगला.

गावाच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस घटनेनेच ग्रामसभेचा सदस्य आहे. त्याला कोणी बोलावण्याची, नेमण्याची किंवा निवडून देण्याची गरज नाही. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. नियमित सभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. खेड्यातली बाई ग्रामसभेत उठून “आमच्या आळीत पाणी का येत नाही?” असे विचारते, तेव्हा ती त्या सभेची सदस्य म्हणून विचारत असते.

शहरातल्या बाईला असे काहीच मिळालेले नाही. मतदान केले की पुढची पाच वर्षे ती अर्जदार. प्रभाग समितीत ती बसली तर भिंतीकडेच्या खुर्चीवर, तेही अध्यक्षांनी बसू दिले तर. एकाच वर्षी, एकाच संसदेत झालेल्या दोन दुरुस्त्यांत हा भेद राहिला. गावातून शहरात येऊन स्थायिक झालेल्या लाखो माणसांनी आपले एक सदस्यत्व वाटेत गमावले आणि बहुतेकांना ते कळलेही नाही. मावशी मराठवाड्यातल्या एका गावातून आलेल्या आहेत. तिथे त्या ग्रामसभेच्या सदस्य होत्या.

ही उणीव केंद्र सरकारच्याही लक्षात आली होती. शहरांना मोठा निधी देणाऱ्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात एक अट अशी होती की, राज्यांनी लोकसहभागाचा कायदा करावा. त्यासाठी नमुना नगरराज विधेयक तयार झाले. त्यात काही मतदानकेंद्रांच्या टापूची मिळून एक क्षेत्रसभा, म्हणजे जवळजवळ शहरातली ग्रामसभा, अशी कल्पना होती. महाराष्ट्राने २००९ मध्ये महानगरपालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. कायदा झाला, अट पूर्ण झाली. माझ्या शहरात त्यानंतर क्षेत्रसभा भरलेली मी पाहिली नाही. नगरसेवकांना विचारले तर काही जण हा शब्दच नवा असल्यासारखे बघत.

तीन खुर्च्या

तरीही कायद्याने एक फट ठेवली होती, ती म्हणजे नामनिर्देशित सदस्यांच्या तीन जागा. ज्यांना निवडणूक लढवायची नाही पण वस्तीचे दुखणे माहीत आहे, अशांसाठी त्या आहेत.

नियुक्त सदस्य काय करू शकतो याचे उदाहरण आपल्याकडे फार जुने आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. त्या काळी ही जागा नियुक्तीची होती. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने खर्च करू नये, तो पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, अशी भूमिका त्यांनी घेतली. शहरात दारूची दुकाने वाढण्यालाही त्यांनी विरोध केला. त्यांना मतदारांनी पाठवले नव्हते, पण कोणाच्या वतीने बोलायचे हे त्यांना ठाऊक होते.

आज या तीन जागा कशा भरल्या जातात? नगरसेवकांनीच नावे द्यायची असल्याने पक्षांचे संख्याबळ पाहून वाटणी होते. उमेदवारी न मिळालेल्या कार्यकर्त्याची इथे सोय लागते. संस्था नोंदणीकृत असली की कागद पुरा होतो, मग ती संस्था काय काम करते हे कोणी विचारत नाही. आमच्या समितीतल्या तिघांपैकी एका गृहस्थांनी खरोखर चांगले काम केले. बाकीच्या दोघांना मी क्वचितच पाहिले. मागच्या वस्तीत बचतगट चालवणाऱ्या बायकांनीही एकदा अर्ज दिला होता. त्यावर “नोंद घेतली” असा शेरा आला.

विषयपत्रिका ही खरी सत्ता

काही वर्षे बैठका पाहिल्यावर माझ्या वहीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली गेली. भांडण टेबलावर होते, पण निर्णय त्याआधीच झालेला असतो, विषयपत्रिका तयार होताना. पत्रिकेवर विषय येण्याचे दोन मार्ग होते, नगरसेवकाचा प्रस्ताव किंवा खात्याचा प्रस्ताव. नागरिकांचे अर्ज शेवटी, वेळ उरला तर. वेळ उरत नसे. विषय तेच असत : पाणी कमी दाबाने येते, ड्रेनेजचे चेंबर तुंबले, कचऱ्याची गाडी येत नाही, दिवे बंद, अतिक्रमण. पण कोणत्या गल्लीतले, हे अर्ज कोण देऊ शकतो त्यावर ठरत असे. आमच्या सोसायटीकडे लेटरहेड होते, निवृत्त अभियंते होते, अकरा वाजता मोकळी असलेली माझ्यासारखी माणसे होती. वस्तीकडे यातले काहीच नव्हते. अकरा वाजता तिथल्या बायका आमच्या घरांत भांडी घासत असत.

महाराष्ट्रात २०११ च्या कायद्याने स्थानिक संस्थांत महिलांना निम्म्या जागा मिळाल्या. म्हणजे २०१२ च्या निवडणुकीनंतर आमच्या समितीच्या टेबलाभोवती निम्म्या बायका होत्या. तरीही बायकांच्या शौचालयाचा विषय दोन वर्षे पत्रिकेवर आला नव्हता. नगरसेविका चांगल्या नव्हत्या असे मुळीच नाही. विषय त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याची वाटच वस्तीतल्या बायकांच्या वेळापत्रकात बसत नव्हती.

एका ठरावाचा शोध

२०१६ च्या सुरुवातीला मी माहितीच्या अधिकारात समितीची जुनी इतिवृत्ते मागवली. पदपथाच्या पुढच्या टप्प्यासाठी आम्हाला काही तपशील हवे होते, एवढेच कारण. चाळताना २०११ मधल्या एका बैठकीच्या नोंदीवर नजर थांबली. मागच्या वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाची दारे बदलणे व दिवे बसवणे. खाली एकच शब्द : “मान्य.”

म्हणजे मावशी जिन्यात उभ्या होत्या त्याच्या तीन वर्षे आधीच त्यांचे काम मंजूर झालेले होते. वस्तीत ते कोणाला माहीत नव्हते आणि नव्याने निवडून आलेल्या नगरसेवकांनाही नव्हते. पुढचे कागद मागवले. दारांचा विषय एका खात्याकडे आणि दिव्यांचा विद्युत खात्याकडे गेला होता. पहिल्या खात्याने पूर्वगणनपत्रक केले, दुसऱ्याने पहिल्याचे काम झाल्यावर पाहू असे लिहिले. मार्च आला. आर्थिक वर्ष संपण्याआधी न वापरलेल्या तरतुदीचे वर्गीकरण झाले, म्हणजे त्या शीर्षकाखालचे पैसे दुसऱ्या शीर्षकाखाली नेले. ते त्याच भागातल्या रस्ते व पदपथ दुरुस्तीकडे गेले. ते पैसे आमच्याच रस्त्यावर खर्च झाले असे म्हणता येणार नाही, नोंदीत रस्त्याचे नाव नाही. पण नाहीच, असेही मला म्हणता येत नाही.

यात कोणी पैसे खाल्ले असे मी म्हणत नाही. कागदपत्र नियमाप्रमाणेच होते. मान्य झालेल्या कामाचे पुढे काय झाले, हे विचारणारे टेबलावर कोणी नव्हते, एवढेच घडले होते. ज्याची पाठ राखणारा कोणी नाही, त्या कामाची तरतूद मार्चमध्ये आधी हलते.

मी त्या नोंदीची प्रत मावशींना वाचून दाखवली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे कागदावर दिवा लागलाय तर.” बचतगटातल्या बायकांनी त्या प्रतीसह अर्ज लिहिला, ४० जणींनी सह्या-अंगठे केले. एका नगरसेविकेने तो प्रस्ताव म्हणून घेतला आणि आणखी एक गोष्ट केली. एक बैठक वस्तीतल्या समाजमंदिरात, संध्याकाळी सात वाजता घ्यायला लावली. महानगरपालिकेची निवडणूक वर्षभरावर आली होती, हेही त्यामागे असेल. असू दे.

त्या संध्याकाळी मी सात-आठ वर्षांतली सर्वांत चांगली बैठक पाहिली. बायका टेबलासमोर सतरंजीवर बसल्या होत्या आणि अधिकारी खुर्च्यांवर अवघडून. कोणती दारे नाहीत, कोणत्या दाराची कडी आतून लागत नाही, पाणी किती वाजता संपते, हे त्यांनी न अडखळता सांगितले. एका मुलीने विचारले, “साहेब, आत्ता येता का बघायला?” कनिष्ठ अभियंता मोबाइलचा उजेड पाडत तिच्यामागे गेला. परत आल्यावर त्याने खाते-खाते केले नाही. पुढच्या चार महिन्यांत दारे बसली, दोन दिवे लागले.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. वर्षभरात एक दिवा फुटला, एक टाकी गळू लागली. पण आता निदान बैठकीत “मागच्या ठरावाचे काय झाले?” असे विचारणाऱ्या दोघी-तिघी होत्या, आणि त्यांना ओळखणारा एक अभियंताही.

पैसा सुचवण्याचा अधिकार

समितीला जोड म्हणून काही चांगले प्रयोग झाले आहेत. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये लोकांना अंदाजपत्रकात थेट सहभाग दिला आणि ती कल्पना जगभर गेली. आपल्याकडे पुणे महानगरपालिकेने २००६-०७ पासून नागरिक सहभागी अंदाजपत्रक सुरू केले. नागरिक ठरावीक मुदतीत क्षेत्रीय कार्यालयात छापील अर्ज भरून आपल्या भागातली छोटी कामे सुचवतात. कार्यालय व्यवहार्यता पाहते, प्रभाग समिती यादीला संमती देते आणि मान्य कामे पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात येतात. पुण्याच्या क्षेत्रीय कार्यालयांत नागरिक आणि अधिकारी यांच्या मोहल्ला कमिटी बैठकाही होतात.

या उपक्रमांचे मोल मी मानते. पण त्यांनाही तोच रोग जडतो. अर्ज कोणाला मिळतो आणि मुदत कोणाला कळते, यावर कामांची यादी ठरते. बाक, नामफलक आणि पेव्हर ब्लॉक सुचवायला सोपे, छायाचित्राला बरे. शौचालयाची कडी कोण सुचवणार? शिवाय मोहल्ला बैठकीला कायद्याचे बळ नाही. अधिकारी उत्साही असेल तर ती चालते, बदली झाली की थंडावते.

टेबलच उचलले तेव्हा

जबाबदारी कोणाची, हाही घोळ वाढत गेला. मुंबई वगळता राज्यातल्या महानगरपालिकांत २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. चार नगरसेवक असलेल्या प्रभागात तक्रार घेऊन कोणाकडे जायचे हे माझ्यासारखीला कळेना, तर मावशींना काय कळणार?

मग मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महानगरपालिकांची मुदत संपली. प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचे वाद न्यायालयात होते. निवडणुका झाल्या नाहीत, प्रशासक आले. नगरसेवक नाहीत म्हणजे प्रभाग समितीही नाही. ज्या दुरुस्तीने पाच वर्षांची मुदत आणि वेळेवर निवडणूक यांची हमी दिली, ती घटनेत जशीच्या तशी होती आणि टेबल रिकामे होते. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निवडणुका चार महिन्यांत घेण्याचा आदेश दिला. त्यानंतर नव्या प्रभागरचनेचे काम सुरू झाले.

या तीन वर्षांत वस्तीतला दिवा पुन्हा बंद पडला. आम्ही मोबाइलवरच्या तक्रारीच्या सोयीत नोंद केली. चौथ्या दिवशी संदेश आला, “तक्रारीचे निराकरण झाले आहे.” दिवा बंदच होता. पुन्हा नोंद, पुन्हा निराकरण. बैठकीत समोरासमोर बसलेल्या बाईला असे उत्तर देणे अवघड असते. ती उठून म्हणते, “साहेब, आत्ता येता का बघायला?”

काय करता येईल

मोठ्या सुधारणा सगळ्यांना माहीत आहेत. एका प्रभागाला एक समिती, क्षेत्रसभांची खरी अंमलबजावणी, समितीच्या हाती अधिक निधी. त्या व्हाव्यात. पण माझ्या वहीतून निघालेल्या चार गोष्टींना कायदा बदलावा लागत नाही. पहिली, विषयपत्रिका आठवडाभर आधी वस्त्यांच्या फलकांवर लावावी. दुसरी, तीन महिन्यांतून एक बैठक संध्याकाळी आणि कार्यालयाबाहेर, वस्तीत किंवा शाळेत घ्यावी. तिसरी, प्रत्येक बैठकीचा पहिला विषय मागच्या मान्य कामांची स्थिती हा असावा आणि मार्चपूर्वी तरतूद हलवायची असेल तर त्या कामाचे नाव मोठ्याने वाचून दाखवावे. चौथी, नामनिर्देशनाच्या तीन जागांसाठी खुले अर्ज मागवावेत आणि कोणाची निवड का केली हे फलकावर लिहावे. आणि एक गोष्ट आम्हा लेटरहेडवाल्यांसाठी : आपला विषय मान्य झाला की उठून जाऊ नये. जिन्यात कोण उभे आहे ते पाहावे.

न्यायालयाच्या आदेशानंतर मावशींना सांगितले की निवडणुका होणार, मग समित्याही पुन्हा बसतील. त्या हातातला पोछा पिळत होत्या. म्हणाल्या, “मीटिंग सुरू झाली की सांगा, ताई. पण संध्याकाळची असेल तरच. अकराची असेल तर तुम्हीच जा, आणि दिव्याचं विचारा.”